आखूड बाह्यांचा निळा स्वेटर

मी, गुआन युएफेन, दिवंगत शिंग देहाय यांची पत्नी, वय ७४, यंत्रकारखान्याच्या टूलरूममधली निवृत्त कामगार, राहणार शेनयांग, तिएशी भाग, जुनी कामगार वसाहत, इमारत नऊ, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच लोकरगल्लीतल्या पांगने काटा नीट स्थिर न होऊ देता लोकर पिशवीत टाकली, ते माझ्या लक्षात आलं आणि मी ती परत काट्यावर ठेवायला लावली. यापेक्षा वेगळा पुरावा कोणाला हवा असेल तर पांगला विचारावं, तो साक्षीदार आहे. दबाव म्हणाल तर माझ्यावर कोणाचाही नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलं नाही.

नोंदणी कचेरीतल्या मुलीने सांगितलं की सगळं स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख घाला, मग साक्षीदार नसले तरी चालतं. पण मला दोन साक्षीदार हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही, असंही तिने सांगितलं. म्हणून पांगला साक्षीदार केलं आहे. आता तो माझ्याकडे काही मागू शकत नाही.

डॉक्टरांनी मला वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. तसं त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, आणि मी बाजूलाच बसले होते. मला रडू आलं नाही. मी दमले आहे. चार जिने चढते तर तिसऱ्या मजल्यावर चोउ गुरुजींच्या दारातल्या स्टुलावर बसावं लागतं. चोउ गुरुजी दुसरे साक्षीदार आहेत.

कलम १. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी हे सर्व माझी एकुलती मुलगी शिंग लीन, राहणार दालियन, हिला मिळावं. तिने ते विकावं. इथे येऊन राहणार नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे, उगाच एकमेकींना फसवायला नको. फक्त घर रिकामं करताना भंगाराची गाडी बोलावू नये. माझ्या शेजारच्या हुआंगबाई गेल्यावर त्यांच्या मुलांनी बोलावली होती. त्यांच्या आईने विणलेला पलंगपोस पाऊस येईपर्यंत दोन दिवस रस्त्यावर पडून होता. शेवटी मीच तो उचलून आणला आणि उसवला.

लीनसाठी मी आजवर एकतीस स्वेटर विणले. त्यातले एकोणतीस तिने गेल्या वर्षी पिशव्यांत भरून परत आणले. म्हणाली, "आई, रागावू नकोस. मला टोचतात. हल्ली ऑफिसात इतकं गरम असतं की कोणी स्वेटर घालत नाही." मी रागावले नाही. ती सात वर्षांची होती तेव्हा लोकरीची जाड पँट घालायला लागू नये म्हणून जिन्याखाली काढून ठेवायची आणि शाळेत जायची, आणि उणे वीसच्या थंडीत मी तिला शोधत फिरायचे. तेव्हा रागावले होते, तेवढं पुरे झालं. उरलेले दोन स्वेटर तिने का ठेवले ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने तेही आणून दिले असते.

कलम २. बँकेत जे असेल ते लीनचं. हिशेब ती बघेल, ते तिचं कामच आहे.

कलम ३. सुया. बांबूच्या जाड सुया खालच्या मजल्यावरच्या महिला मंडळाला द्याव्यात. सायकलच्या तारांच्या बारीक सुया, एकूण अकरा, कोणालाही देऊ नयेत. त्या माझ्याबरोबर जाळाव्यात. कारखान्याने १९९६ साली आम्हा दोघांना एकाच यादीत घरी बसवल्यावर माझे यजमान रस्त्याच्या कडेला सायकली दुरुस्त करत बसायचे, आणि मोडक्या चाकांच्या तारा दगडावर घासून मला सुया करून आणायचे. टोकं इतकी गुळगुळीत करायचे की तलम लोकरही अडकत नसे. बाजारातली सुई एवढी चांगली नसते. हे पांगला मी तोंडावर सांगितलं आहे.

कलम ४. लोकर. आता हे जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण घराचं दार उघडल्यावर लीनला वाटेल की आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मग हा सगळा कागदच रद्द होईल.

लोकर पुढील ठिकाणी आहे: पलंगाखाली चार पेट्या, कपाटाच्या वरच्या दोन फळ्या, बंद पडलेलं कपडे धुण्याचं यंत्र, लीनच्या खोलीतलं टेबल आणि त्याच्या खालची जागा, आणि गॅलरीतला आंबट कोबीचा रांजण. चार वर्षांपासून मी कोबी आंबवायला घालत नाही. एकटीला रांजणभर कोबी खायला किती हिवाळे लागतील? रांजणातल्या लोकरीला थोडा वास येतो. धुतल्यावर जातो, बराचसा.

मी दर सोमवारी लोकरगल्लीत जाते. सोमवारी गर्दी नसते आणि विक्रेते कंटाळलेले असतात. मोठी खरेदी भर उन्हाळ्यात करायची, तेव्हा लोकरीकडे कोणी बघतही नाही. जाताना जुना कोट घालायचा. लोकर आधी गालाला लावायची, मग मनगटाच्या आतल्या बाजूला, मग टोक तोडून काडेपेटीच्या काडीने जाळायचं. केस जळाल्याचा वास आला तर लोकर, थेंब होऊन गोठलं तर प्लास्टिक. पांगच्या दुकानासमोरच्या फरशीवर माझ्या काड्यांचे डाग आहेत. परतताना पिशवीत वरून कांद्याची पात ठेवायची, म्हणजे वसाहतीत कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, गुआन म्हातारी पात फार खाते.

आणि लागते त्यापेक्षा पाव किलो जास्त घ्यायची. हा माझा नियम आहे. जास्तीची लोकर त्याच लडींतली, एकाच वेळी एकाच कढईत रंगवलेली. नंतर जाऊन तोच रंग मागितला तर मिळत नाही. दुकानदार शपथ घेतो की तोच आहे, आणि घरी येऊन खिडकीपाशी धरला की वेगळा निघतो.

गेल्या महिन्यात पांग म्हणाला, "मावशी, घरी गोदाम काढलंय की काय?"

मी म्हटलं, "शेजारणीसाठी नेते."

"तुमच्या शेजारणीला हात किती आहेत?"

"तुझ्यासारखा काटा दाबणारा एकही नाही."

तो हसला आणि स्टूल पुढे सरकवलं. हल्ली तो मी आले की स्टूल काढून ठेवतो. मला बरं वाटतं, आणि वाईटही वाटतं.

तर ही सर्व लोकर माझी थोरली नणंद, श्रीमती शिंग देयुन, वय ८०, यांना मिळावी. अर्धीअधिक लोकर मी कशासाठी घेतली ते मला आठवत नाही. त्यांनी ती विणावी, वाटावी, नाहीतर त्यांच्या रांजणात भरावी. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं विणता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल करत आहे आणि फक्त लेखी करत आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा उलटा टाका येत नव्हता. कारखान्याच्या सभांमध्ये मागच्या बाकावर बसून त्यांनी मला टेबलाखाली शिकवलं. व्यासपीठावर उत्पादनाचे आकडे चालायचे आणि टेबलाखाली आमचे टाके. कामावर मिळणारे पांढरे सुती हातमोजे आम्ही वापरायचो नाही, साठवायचो, आणि वर्षाचे साठले की उसवून त्या सुताचे सदरे विणायचो. आमच्या हातांना घट्टे पडले, पण घरात सगळ्यांना सदरे होते.

या लोकरीत एक निळा गुंडा सापडणार नाही. तो कुठे आहे ते त्यांना माहीत आहे. त्याबद्दल पुढच्या कलमात.

कलम ५. निळी लोकर. १९७९ साली, नव्या वर्षाच्या आधी, कुपनावर लोकर आली. शुद्ध लोकर, राखाडी झाक असलेला निळा रंग. मी यजमानांना सांगितलं की दोघांच्या स्वेटरपुरती घेऊन या, एक लडही कमी नको. ते पाळी संपवून तसेच रांगेत उभे राहिले आणि लोकर घेऊन आले, ती दोन लडी कमी. त्यांच्या मागे एक पोटुशी बाई उभी होती. तिच्यापर्यंत लोकर संपली, म्हणून यांनी आपल्यातल्या दोन लडी तिला दिल्या.

मी विचारलं, "ओळखीची होती?"

"नाही गं. थंडी वाजत होती तिला."

त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुकानात पुन्हा लोकर आली, तीच म्हणून. घरी आणून बघते तर हिरवट. त्यांचा स्वेटर पुरा झाला, माझ्या स्वेटरच्या बाह्या कोपराच्या थोड्या खाली येऊन थांबल्या. कामावर सगळ्या बायका कोटावर कापडी बाह्या चढवायच्या, त्यामुळे कोणाला कळलं नाही. फक्त मनगटं गार पडायची. तेव्हापासून मी पाव किलो जास्त घेते. लीनला आता कळेल की तिच्या टेबलाखाली इतकं सामान का आहे.

दर तिसऱ्या वर्षी मी ते दोन्ही स्वेटर उसवायचे, लडी धुवायचे, वाफेवर धरून सरळ करायचे आणि नव्याने विणायचे. लड गुंडाळताना यजमान दोन्ही हात पुढे करून बसायचे. त्यांना त्या कामात झोप लागायची, पण हात खाली जायचे नाहीत. १९९७ च्या शरदात ते आजारी पडले. स्वेटर ढिला व्हायला लागला म्हणून मी तो उसवून लहान मापाचा विणला. दीड महिन्यात तोही ढिला झाला, पुन्हा उसवला. ते बारीक होत गेले आणि उरलेला गुंडा मोठा होत गेला.

ते म्हणाले, "आता तुझ्या बाह्या पुऱ्या कर."

मी म्हटलं, "तुमची तब्येत भरली की मला ही लोकर लागेल."

"मी आता भरत नाही, युएफेन."

"गप्प बसा. हात सरळ धरा."

बाह्या मी केल्या नाहीत. केल्या असत्या तर ते खरं झालं असतं.

जानेवारीत ते गेले. शेवटच्या दिवशी दुपारी थंडी वाजते म्हणाले, म्हणून मी स्वेटर घातला. गरम पाणी आणायला गेले, परत आले तोवर संपलं होतं. नणंदबाई शेवटचे कपडे घेऊन आल्या. सगळे सुती, त्यांनी स्वतः शिवलेले, आत कापूस घातलेले. आमच्यात मेलेल्याच्या अंगावर लोकर नसते, कातडं नसतं. जनावराचं अंगावर घेऊन गेलेला माणूस पुढच्या जन्मी जनावर होतो म्हणतात. मला हे माहीत होतं. मी आत त्यांच्या अंगावर एकेक कपडा चढवला आणि नणंदबाई दाराशी नातेवाइकांना बघत होत्या. न्यायला गाडी आली तेव्हा त्या गळा नीट करायला वाकल्या आणि त्यांना आतली निळी पट्टी दिसली.

"हे काय आहे?"

"स्वेटर."

"लोकरीचा?"

"विसरले, ताई. काढायचा राहिला."

"विसरलीस? अगं, भाजीत मीठ घालायचं राहिलं तर माणूस विसरलो म्हणतो! माझ्या भावाला मेंढरू करून पाठवलंस तू!"

खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. अंग ताठलं होतं. तसेच गेले.

सातव्या दिवसाचं आटोपून सगळे गेले तेव्हा पेटीतला निळा गुंडा नव्हता. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काय चोर आहे?" त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोललो नाही, आणि बोलायला लागलो ते भांडण पूर्वीच्या जागेवरून पुढे न्यायला.

गेली पंचवीस वर्षं दर वसंतात त्यांच्या अस्थी पुरलेली कबर झाडायला जातो तेव्हा त्या सफरचंदं आणि वाफवलेले पाव ठेवतात आणि शेजारी कोवळ्या पाल्याची एक जुडी ठेवतात. माझ्याकडे न बघता म्हणतात, "घे रे देहाय, खा. सवयीचं आणलंय." त्यांनी मटण सोडलं. हिवाळ्यात सगळे रश्श्याच्या उकळत्या भांड्यात मटण बुडवून खायला बसले की त्या मोठ्याने सांगतात, "मला नको. कोण जाणे, कोणाचं आहे." सगळ्या टेबलाला ऐकू जातं. भाच्यांच्या लग्नातही सांगितलं.

मटण मीही पंचवीस वर्षांत खाल्लेलं नाही. मी सांगत नाही, पोट बरं नाही म्हणते. मी यंत्रकारखान्यात वाढलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी भांड्यात हात जात नाही.

आता खरं लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटं लिहिलं तर ते रद्द होतं असं मी समजते. मी विसरले नव्हते. मी तो काढायला हात घातला होता. बाही कोपरापर्यंत सरकवली, त्यांचा हात इतका थंड आणि इतका बारीक होता की मला पुढे काढवेना. मी बाही परत खाली ओढली आणि वरून सुती कपडे चढवले. चूक माझी आहे. ताई, तुमचा राग बरोबर होता. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला पंचवीस वर्षांत जमलं नाही, आणि आता भांडायला दम उरलेला नाही.

कलम ६. माझे शेवटचे कपडे. बाकीची सगळी कलमं नसती तरी चाललं असतं, हे एकच मला हवं आहे. माझा निळा स्वेटर, आखूड बाह्यांचा, पलंगाच्या उशाशी कागदात गुंडाळून ठेवला आहे. तो माझ्या अंगावर घालावा. विसरून नव्हे, जाणूनबुजून. ते सगळं खोटं असेल तर कोणाचं काही बिघडत नाही. खरं असेल, तर ते पंचवीस वर्षं कुठल्यातरी कळपात एकटे आहेत, आणि ते माझ्यामुळे. मी सुती कपड्यांत गेले तर माणूस होईन आणि त्यांना ओळखणारही नाही. मला त्यांच्याकडे जायचं आहे.

शेवटचे कपडे चढवायचं काम आमच्या घरात नणंदबाई करतात. लीन कधी त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. म्हणून मी आज हा कागद त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे. कपडे सोडून बाकी कशाला त्यांची परवानगी नको. त्यांनी खाली फक्त "हरकत नाही" एवढं लिहावं. लिहायचं नसेल तर जागा कोरी सोडावी, कारण सांगायची गरज नाही, पाल्याची जुडीही आणू नये.

कलम ७. जागा कोरी राहिल्यास: कपाटाच्या तिसऱ्या फळीवर हातमोज्यांच्या सुताचा पांढरा सदरा आहे, तो घालावा. मी तक्रार करणार नाही. निळा स्वेटर लीनला द्यावा. तिला तो टोचेल, पण तिने ठेवावा.

याखेरीज मला काही सांगायचं नाही. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरील मजकूर मी खिडकीशी बसून, चष्मा लावून, तीन वेळा विश्रांती घेऊन लिहिला आहे.

आज दहाव्या चांद्रमासाचा पहिला दिवस आहे. गेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवण्यासाठी लोक चौकाचौकांत कागदाचे कोट जाळतील. मी यजमानांसाठी कधी कागदाचा स्वेटर जाळला नाही. त्यांच्याकडे आहे.

ठिकाण: शेनयांग
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२३

(सही) गुआन युएफेन

साक्षीदार:
१. चोउ वेनपू, निवृत्त शिक्षक, इमारत नऊ, तिसरा मजला. लिहिणारी व्यक्ती शुद्धीवर आहे. तिने माझ्या दोन शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या नाकारल्या.
२. पांग छांगशुन, लोकर विक्रेता. काटा बरोबर होता.

(पुढील मजकूर वेगळ्या, मोठ्या अक्षरात)

हरकत नाही.

कागद वाचायला मला पूर्ण दुपार लागली, माझ्या एका डोळ्याने दिसत नाही. युएफेन समोर बसून माझ्याकडे बघत होती, म्हणून तिला चहा करायला आत पाठवलं आहे. चोर नाही असं मी तेव्हा म्हटलं, ते खोटं होतं. गुंडा माझ्याकडे आहे, उशीच्या अभ्र्यात. त्याला देहायचा वास होता म्हणून घेतला. वास दोन वर्षांत गेला, पण मग परत द्यायला तोंड राहिलं नाही.

अशा बाह्यांनी तिथे तुझी मनगटं गारठतील. रविवारी स्वेटर घेऊन ये. टाके तू उचलून दे, मला दिसत नाहीत, पुढचं मी विणते. लोकर दोन्ही बाह्यांना पुरते. मी दर हिवाळ्यात मोजून बघत आले आहे.

शिंग देयुन